पोटातली गाठ आणि मायचा अंगठा

ज्याचं पोट मधूनच आवळून येतं, जो जमिनीवर गडबडा लोळतो, आणि दवाखान्यात पोहोचेपर्यंत दुखणं असं गुल होतं की कागदावर 'नॉर्मल' लिहून येतं, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. त्याच्या घरच्यांसाठी तर जास्तच. दुखणं एकाचं असतं, पण त्यावरून डोकी सगळ्यांची फुटतात.

मी ढिवर. सिंदेवाहीकडच्या जंगलपट्ट्यात आमचं गाव आहे, आणि गावाला मालगुजारांच्या, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातला मोठा तलाव आहे. त्यात मासे धरणं हा आमचा पिढीजात धंदा. मी बारावीपर्यंत शिकलो, त्यामुळे लिहायची भीती वाटत नाही. राग मात्र माझ्या नाकावर असतो. तो या लिहिण्यातही दिसेल, त्याला इलाज नाही.

पहिला फटका

जाळं तलावाच्या तळाशी जुन्या खुंटाला अडकलं की बुडी मारून ते सोडवायचं काम माझं. गावात माझ्याइतका दम धरणारा दुसरा नाही. हे मी म्हणत नाही, माझ्याशी पैज लावून हरलेले म्हणतात.

त्या दिवशी जाळं सोडवून वर आलो आणि पोटात कोणीतरी आतडं धरून पिळलं. धुणं पिळतात तसं, दोन्ही हातांनी. मी काठावरच्या चिखलात कोसळलो. ओरडायला तोंड उघडलं तर आवाजच फुटेना, म्हणून जाळ्याची दोरी तोंडात धरली आणि तिच्यात दात रुतवले. सोबतचा गडी हसत म्हणाला, "भाऊ, मोहाची जराशी कमी करत जा." मी दारूला शिवत नाही हे त्याला चांगलं ठाऊक होतं. उठून त्याच्या थोबाडीत दिली असती, पण गुडघे पोटातून सुटेनात.

मग दुखणं जसं आलं तसं गेलं. संध्याकाळी मी झिंग्यांचं कालवण आणि भात चापून खाल्ला. बायकोला सांगितलंसुद्धा नाही.

पुढं ते वरचेवर येऊ लागलं. उलट्या व्हायच्या, अंगावरचं मांस उतरत चाललं, पँट कमरेवर टिकेना. माझी बायको शालू मला ओढत चंद्रपूरला घेऊन गेली. सोनोग्राफीत गॅस दिसला. तोंडातून दुर्बीण घातली, काही नाही. खालून घातली, तेव्हाही काही नाही. डॉक्टर म्हणाले, "टेन्शन कमी करा." मी टेबलावर मूठ आपटली. "टेन्शन तुमीच देऊन राह्यले न साहेब. माह्या पोटात कोनी तरी चाकू फिरवते अन् तुमी म्हंता काईच नाई."

शालूनं माझा दंड धरून मला बाहेर काढलं. आता वाटतं, त्या डॉक्टरचंही तसं चुकलं नव्हतं. वरची दुर्बीण जठराच्या थोडी पुढं जाते, खालची मोठं आतडं संपतं तिथं अडते. मधे वेटोळे घालून बसलेलं लहान आतडं दोघींच्याही हाती लागत नाही. पण हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकून घेतलं नसतं.

मायचा अंगठा

आता मायबद्दल. माझी माय नाभी बसवते. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. जड उचलल्यानं, उडी मारल्यानं नाभी जागची सरकते आणि पोट दुखतं, असं आमच्याकडे मानतात. मग चोळून ती जागेवर आणायची. मायचा हात त्यात नावाजलेला होता. मार्कंड्याच्या जत्रेतून परतणारी माणसंही पोट धरून आमच्या अंगणात उतरत. ती कोणाकडून काही घेत नसे. तिच्या आईनं तिला तशी शपथ घातली होती.

दवाखान्यानं हात टेकल्यावर ती म्हणाली, "झालं का तुमचं? आता मी पाह्यतो."

मला खाली चटईवर निजवायची, पोटाला तेल लावायची, नाभीशेजारी अंगठा ठेवायची आणि म्हणायची, "दम सोड. आता धर." मी दम सोडून धरला की अंगठा आत जायचा. पाठीचा कणा हाताला लागेपर्यंत जायचा. एकदा ती थांबली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "हे पाहा. इथी गोळा आहे. लपून राह्यला माह्यापासून."

गोळा खरोखरच होता. कधी हाताला लागे, कधी नसे. मायच्या लेखी तीच सरकलेली नाभी होती, आणि ती हट्टी होती, म्हणून माय तिच्याहून हट्टी झाली. रोज चोळू लागली. पोटावर बिब्ब्याच्या फुल्या मारल्या. बिब्ब्यानं कातडी भाजते, फोड येतात, मग काळे डाग राहतात. माझं पोट फुल्याफुल्यांचं झालं.

शालूला हे बघवत नव्हतं. "बाई, मानूस आहे तो, कनिक नाई तिंबायले," ती सासूला म्हणायची. माय म्हणायची, "माह्या पोटातून निंगाला तो, तुह्या नाई." चुलीपाशी दोघींची भांडी वेगवेगळी आपटायची. मी मधे पडून कधी हिच्यावर ओरडायचो, कधी तिच्यावर. खरं तर मला भीती वाटत होती. ती कबूल करण्यापेक्षा ओरडणं सोपं होतं.

एका सकाळी कळ आली आणि जाईचना. माय धावत आली. अंगठ्यानं भागेना, म्हणून तिनं टाच ठेवली. भिंतीला धरून ती माझ्या पोटावर टाचेनं भार देत राहिली आणि वरून सांगत राहिली, "दम धर बापू, दम धर, आता बसते." मला हिरवी उलटी झाली. डोळ्यांपुढं काळोख आला. शेवटचं आठवतं ते इतकंच, की शालूनं मायला दोन्ही हातांनी ढकललं, आणि माय धानाच्या कोठीवर आदळली.

रस्त्यावर

शुद्धीवर आलो तेव्हा शेजाऱ्याच्या जीपमध्ये होतो. डोकं शालूच्या मांडीवर होतं. माय मागच्या बाकावर पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिला कोणी ये म्हटलं नव्हतं. कपाळावर टेंगूळ आलं होतं.

जंगलातल्या वळणावर गाडी थांबली. पुढं रस्ता अडवलेला होता. गवत कापायला गेलेल्या एका माणसाला वाघानं मारलं होतं, आणि गावकऱ्यांनी त्याची तिरडी डांबरी रस्त्याच्या मधोमध आणून ठेवली होती. वनखात्याची गाडी उलटी पडली होती. लोकांच्या हातात काठ्या, कुऱ्हाडी होत्या. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न वाजवायची चूक केली आणि एक दगड येऊन समोरच्या काचेला जाळी पडली.

मी पोट धरून किंचाळत होतो. शालू उतरली. पदर कमरेला खोचला आणि सरळ त्या गर्दीत शिरली. तिचा आवाज मला आत ऐकू येत होता.

"एक मानूस वाघानं नेला. दुसरा तुमाले न्याचा आहे का? नेऊन टाका मंग. अडवा गाडी."

गर्दीत गलका झाला. कोणी शिवी हासडली. मग हातात कुऱ्हाड असलेला एक माणूस जीपच्या खिडकीशी आला आणि आत वाकून माझ्याकडे बघत राहिला. त्याचे डोळे लालभडक होते. तो मेलेल्याचा सख्खा भाऊ होता, हे मागून कळलं. त्यानं वळून लोकांना सांगितलं, "तिरडी उचला. गाडी जाऊ द्या. मंग ठेवू पुन्हा." आणि खरंच त्यांनी आपला मेलेला माणूस उचलला, आमची गाडी जाऊ दिली.

त्या माणसाचं नाव मला ठाऊक नाही. पण देवाला हात जोडतो तेव्हा मला त्याचा चेहरा दिसतो.

काळ्या फुल्या

चंद्रपूरच्या मोठ्या दवाखान्यात पोहोचलो. तरुण डॉक्टरनं माझा सदरा वर केला आणि मागं सरकला. पोटभर काळ्या फुल्या आणि टाचेचा निळा वळ.

"हे कोणी केलं?" तो गरजला. "आतडं फाटलं असतं म्हणजे? जनावर आहात का तुम्ही? पोलिसात दिलं पाहिजे असल्या लोकांना."

माय माझ्या पायाशी उभी होती. तिचं तोंड उघडलं. त्याआधी शालू म्हणाली, "म्या केलं."

डॉक्टर तिला वाटेल तसं बोलला. अडाणी म्हणाला, आणखीही काही म्हणाला. ही तीच बाई, जी अंगणातल्या कुत्र्याचं भुंकणंही ऐकून घेत नाही. ती मान खाली घालून सगळं ऐकत राहिली. डॉक्टर गेल्यावर मायनं विचारलं, "काऊन म्हनलं व तसं?" शालूनं सलाईनच्या थेंबांवरची नजर काढली नाही. म्हणाली, "गप बसा बाई. मले भांडाचं असन तं घरी भांडीन."

मशीन

सलाईननं दुखणं पुन्हा पळालं. सीटी स्कॅन काढला, तर त्यात लहान आतड्याच्या एका वळणाशी शंका दिसली, पण नीट कळेना, कारण आतडं रिकामं, मिटलेलं होतं. तिथले मोठे डॉक्टर शांत माणूस होते. त्यांनी समजावून सांगितलं की आतडं पाण्यानं फुगवून एमआरआय काढू, म्हणजे आतल्या भिंती स्पष्ट दिसतील. गाठ असली तर दिसेल.

गाठ हा शब्द तेव्हा पहिल्यांदा कोणी उच्चारला. शालूनं माझा हात धरला होता, तो आणखी घट्ट झाला.

ज्यांना ही तपासणी सांगितली आहे त्यांना सांगतो, मशीनला घाबरू नका, त्या पाण्याला घाबरा. उपाशीपोटी गुळमट पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या, हळूहळू, न थांबता प्यायच्या. पोट ढोलासारखं झालं. कमरेचा करदोडा, गळ्यातला ताईत, सगळं काढून घेतलं. मग पालथं निजवलं. ज्या पोटाला हात लावू देत नव्हतो त्याच पोटावर. कानात बोळे, हातात एक रबरी फुगा दिला. फारच सहन होईना तर तो दाबा, म्हणजे आम्ही थांबवू, असं तिथल्या मुलीनं सांगितलं. "पण हललात तर फोटो पुसट येतील, भाऊ. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून."

नळीत आत सरकलो. पत्र्यावर कोणी घण घालावा तसा आवाज सुरू झाला. डोक्यात, दातांत, बरगड्यांत घण. मधेच तो थांबायचा आणि टेप करून ठेवलेल्या आवाजातली एक बाई हिंदीत म्हणायची, सांस लीजिये, सांस छोडिये, रोकिये.

पाण्यात आपण छाती भरून बुडी मारतो. इथं उलटं होतं. दम सोडून धरायचा. छाती रिकामी, आणि वर घणाचे घाव. आणि मला एकदम कळलं की मला हे येतं. चटईवर निजून मी हेच तर करत होतो. दम सोड. आता धर.

आतड्याची हालचाल थांबवणारी सुई ते नंतर देणार होते. ती द्यायच्या आधीच्याच फेरीत कळ आली. आजवरची सगळ्यात मोठी. पाण्यानं तट्ट फुगलेलं आतडं कोणीतरी आतून ओढून गिळत होतं. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. फुगा मुठीत होता. दाबला की सुटका. पण मग पुन्हा 'नॉर्मल', पुन्हा टेन्शन कमी करा, पुन्हा मायची टाच. मी मनात त्या दुखण्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. म्हटलं, आज तू सापडलास. आज तुला पळू देत नाही.

सांस छोडिये. रोकिये.

मी फुग्यावरची मूठ सोडली. तो तळहातावर ठेवून बोटं उघडली, म्हणजे चुकूनही दाबला जाऊ नये. आणि दम धरला. तलावाच्या तळाशी इतका कधी धरला नसेन.

गाठ

डॉक्टरांनी आम्हा तिघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. राखाडी वेटोळ्यांमध्ये एका ठिकाणी गोल गाठ होती, आणि तिच्याभोवती आतड्यात आतडं शिरलं होतं. "सदरा काढताना बाही आत ओढली जाते ना, तसं," ते म्हणाले. "ही गाठ पुढं सरकते आणि आतडं सोबत ओढून नेते. मग ते मोकळं होतं आणि तुम्हाला बरं वाटतं. इतके दिवस आम्ही चोर गेल्यावर घर झाडत होतो. आज तो आत असताना कडी घातली गेली. तुम्ही हलला नाहीत म्हणून."

मी विचारलं, "कॅन्सर आहे का?"

"काढून तपासल्याशिवाय सांगता येणार नाही."

मी समोरच्या स्टुलाला लाथ मारली. ते भिंतीवर जाऊन आदळलं. माझं वय काय, मी दारू पीत नाही, तंबाखू खात नाही, मग मीच का, असं काहीबाही ओरडलो. डॉक्टरांनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं.

तेवढ्यात मायनं विचारलं, अगदी हळू. "साहेब, चोळ्यानं झाली का जी ते?"

शालूनं खाली पाहिलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता.

डॉक्टर म्हणाले, "नाही आजी. चोळण्यानं गाठ होत नाही. पण चोळणं फार धोक्याचं होतं. आतडं फाटून त्याच दिवशी जीव गेला असता."

त्यातलं पहिलं वाक्य मायच्या कानात शिरलंच नाही. ती उठून बाहेर गेली. व्हरांड्याच्या लोखंडी कठड्यावर काहीतरी ठणठण वाजू लागलं. आम्ही धावलो, तर ती उजवा हात कठड्यावर आपटत होती. अंगठ्याचं नख फाटून रक्त गळत होतं, आणि ती थांबत नव्हती. लोक नुसते बघत होते. शालूनं तिला मागून मिठी मारली, हात पकडला, आणि ओरडली, "बाई, हात मोडून घ्याल तं घरी भात कोन रांधन? मी याच्यापाशी राहीन का चुलीपाशी?"

माय खाली बसली. शालूही बसली. दोघी गळ्यात गळा घालून रडल्या नाहीत, तसलं काही आमच्यात होत नाही. शालूनं आपल्या पदराची कड फाडली आणि तो अंगठा बांधला.

वॉर्ड

ऑपरेशनबद्दल मला काही ठाऊक नाही, मी झोपलो होतो. जागा झालो तेव्हा नाकात नळी, पोटात नळी, लघवीला नळी. खोकला आला की टाके उसवतील असं वाटायचं. उशी पोटाशी घट्ट धरून खोका, हे मला शेजारच्या खाटेवरच्या वरोऱ्याच्या म्हाताऱ्यानं शिकवलं. हे जरूर लक्षात ठेवा, मोठ्या कामाचं आहे.

डॉक्टर रोज एकच विचारायचे, गॅस सरला का. जोडलेलं आतडं चालू झालं की नाही हे त्यावरून कळतं. सगळा वॉर्ड माझ्या पादण्याची वाट बघत होता. अखेर सरला तेव्हा म्हातारा हात जोडून म्हणाला, "जय हो." मी हसलो, आणि हसण्यानं इतकं दुखलं की त्याला शिव्या दिल्या.

माय दारापाशी बसायची. आत यायची नाही. शालू तिला म्हणायची, याचे पाय चेपून द्या. माय हात पदरात गुंडाळून घ्यायची.

रिपोर्ट आला. गाठ कॅन्सरच्याच जातीची निघाली, पण मंद चालीची, आणि पूर्ण निघाली होती. पसरलेली नव्हती. डॉक्टर म्हणाले, दर वर्षी याच मशीनमध्ये यावं लागेल. मी म्हटलं, येईन. ते गुळमट पाणी पुन्हा प्यावं लागलं तरी येईन.

दम

घरी आलो. टाके सुकले, मी पुन्हा जाळ्यावर जाऊ लागलो, बुडी मारायला मात्र अजून बंदी होती. फुल्या पुसट झाल्या, त्यांच्या मधून ऑपरेशनचा लांब वण खाली उतरला.

मायनं चोळणं सोडलं. कोणी पोट धरून अंगणात आलं की दारातूनच सांगायची, "दवाखान्यात ने. मले काई समजत नाई." लोक चिडायचे. माझ्या पोटाकडे तर ती बघायचीही नाही. मी अंगणात उघडा बसलो की उठून आत जायची.

वर्ष झालं, तपासणी झाली. पुन्हा ते पाणी, पुन्हा तो घण. चित्र स्वच्छ आलं. संध्याकाळी घरी पोहोचलो तेव्हा माय चुलीपाशी होती. शालूनं सांगितलं, "काईच नाई निंगालं, बाई." मायनं मान हलवली आणि तांदूळ निवडत राहिली. तिचा विश्वास बसला नव्हता. मशीननं एकदा खरं सांगितलं होतं, पण त्याच्याही आधी तिच्या अंगठ्यानं तिला फसवलं होतं. ती आता कशावरच विश्वास ठेवायला तयार नव्हती.

शालूनं तिच्या पुढचं सूप बाजूला सारलं. मला म्हणाली, "निजा तिथी." मी चटईवर आडवा झालो. तिनं मायचा उजवा हात धरला. माय तो ओढू लागली, ही सोडीना. जोरात ओढाताण झाली, बांगड्या वाजल्या. शेवटी शालूनं तो हात माझ्या पोटावर, वणाच्या शेजारी आणून टेकवला आणि वरून आपला हात ठेवला.

"पाहा आता. तुमीच पाहा."

मायच्या अंगठ्याचं नख वाकडं उगवलं होतं.  मग तिच्या तोंडून निघालं, जसं पूर्वी निघायचं तसं, "दम सोड. आता धर."

मी दम सोडला आणि धरला. शालूनं आपला हात काढून घेतला. मायनं दाबलं नाही. अंगठा माझ्या पोटावरून इकडून तिकडे सरकत गेला, शोधत गेला, पुन्हा पुन्हा त्याच जागी येऊन थांबला. तिथं काही नव्हतं. तिला ते कळेपर्यंत मी दम धरून राहिलो.